पार्किंगचं डांबरीकरण: तीन कोटेशन आणि निम्म्याचा फरक

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. पार्किंग आणि गेटपासून आत येणारा रस्ता, दोन्हीच्या डांबरीकरणाची तिन्ही कोटेशन आली, फोटो वर टाकलेत. तिसरा जवळपास पहिल्याच्या निम्म्यात करून देतो म्हणतोय. रविवारी मीटिंगमध्ये फायनल करायचंय, कोणाला काही विचारायचं असेल तर इथेच विचारा म्हणजे मीटिंग लांबणार नाही.

बी-४०३: मग विचार कसला करायचाय, तिसऱ्याला देऊन टाका की. शेवटी डांबर ते डांबर. फंड किती वर्षांनी जमलाय हे सगळ्यांना माहितीये.

ए-१०२: दादा जरा थांबा. गेल्या वेळी पण सगळ्यात कमीवाल्यालाच दिलं होतं आणि दुसऱ्या पावसात गेटजवळचा थर पापुद्र्यासारखा निघाला, माझे सासरे त्याच कडेला अडखळून पडले आणि महिनाभर घरात बसून होते. माझं म्हणणं एवढंच की काय कमी करून तो कमीत देतोय ते आधी कळू दे. सी-२०१ वाले काका, तुम्ही रस्त्याच्या कामावर होतात ना, बघता का प्लीज?

सी-२०१ काका: बघितली ताई, तिन्ही ओळ न् ओळ वाचली. मोठा मेसेज आहे पण पूर्ण वाचा सगळ्यांनी. सगळा पैसा जाडीत असतो आणि जाडी लिहायची पद्धत तिघांची तीन तऱ्हा आहे. पहिल्याने लिहिलंय ४० मिमी कॉम्पॅक्टेड, म्हणजे रोलर फिरून दबल्यावर उरणारी जाडी. दुसऱ्याने लिहिलंय ५० मिमी लूज, म्हणजे पेव्हरने, माल अंथरणाऱ्या मशीनने, अंथरल्या अंथरल्या, आणि गरम माल, म्हणजे खडी-डांबराचं मिश्रण, दाबला की साधारण पाचवा हिस्सा बसतो त्यामुळे ते पण ४० च झाले, दोघं एकच काम सांगतायत. तिसऱ्याने फक्त 'एक इंच डांबरीकरण' लिहिलंय. मी फोन करून विचारलं लूज का दाबलेला, तर म्हणाला अंथरताना इंच. म्हणजे दबल्यावर जेमतेम २० मिमी.

आता हिशोब करू. पहिल्याने आपली जागा १२०० चौरस मीटर धरलीये. ४० मिमी म्हणजे ४८ घनमीटर माल, दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण २.३५ टन, म्हणजे ११३ टनाच्या आसपास. तिसऱ्याचे २० मिमी म्हणजे २४ घनमीटर, ५६ टन. माल निम्मा आहे म्हणून भाव निम्मा आहे. त्यात त्याने टॅक कोट धरलेला नाही, कडेचं खरवडणं धरलेलं नाही, चेंबरची झाकणं वर घेणं धरलेलं नाही. हे सगळं मिळवलं तर टनामागे तो पहिल्यापेक्षा महागच पडतो.

बी-४०३: हे मला खरंच माहिती नव्हतं काका. पण २० मिमी पण चाललं तर काय बिघडतं, आपल्याकडे काय हायवेसारखे ट्रक थोडीच जातात?

सी-२०१ काका: बिघडतं. एक तर थराची जाडी त्यातल्या सगळ्यात मोठ्या खडीच्या निदान तिप्पट तरी पाहिजे, नाहीतर खडी एकमेकांत बसत नाही, रोलरखाली नुसती फुटते आणि थरात पोकळ्या राहतात, तिथून पाणी आत जातं. दुसरं म्हणजे पातळ थर पटकन गार होतो. प्लांटमधून माल १५० ते १६० अंशाला निघतो, आणि ८०-९० च्या खाली आला की रोलर कितीही फिरवा तो दबत नाही. ४० मिमीला रोलरला वेळ मिळतो, २० मिमीला वारं असेल तर काही मिनिटंच. आणि कचऱ्याची गाडी, सामान शिफ्ट करणारे ट्रक हे जागच्या जागी वळतात, ते सरळ जाणाऱ्या ट्रकपेक्षा वाईट, चाक पृष्ठभाग पिळून काढतं.

खजिनदार: काका टॅक कोट म्हणजे ते काळं पाणी शिंपडतात ते ना? त्याचे वेगळे पैसे का लावलेत पहिल्याने?

सी-२०१ काका: हो तेच, बिटुमेन इमल्शन. जुन्या आणि नव्या थराला चिकटवणारा डिंक समजा. चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास लागतं, पूर्ण कामाच्या मानाने खर्च फारच किरकोळ, पण तेच नीट न मारल्यामुळे किंवा धूळ न झाडता मारल्यामुळे गेल्या वेळी थर सुटला असं माझं स्पष्ट मत आहे, निघालेल्या तुकड्याची खालची बाजू मी स्वतः बघितली होती, कोरडी मातकट होती.

सी-५०४: मला एक विचारायचंय, सगळं करण्यापेक्षा नुसते खड्डे भरून वर सीलकोट मारला तर? माझ्या बहिणीकडे तसंच केलं, मस्त काळंभोर दिसतंय.

सी-२०१ काका: सीलकोट म्हणजे वरचं पातळ आवरण वहिनी, त्याने ताकद वाढत नाही. पृष्ठभाग अजून धड असेल तर पाणी आणि गळलेलं ऑइल आत जाऊ नये म्हणून तो चांगला. आपल्याकडे बी विंगच्या पुढचा भाग तसा आहे, तिथे नुसत्या एकेरी भेगा आहेत, त्या भरून घेतल्या तरी काही वर्षं जातील. पण गेटजवळ आणि कचराकुंडीपाशी मगरीच्या पाठीसारखी जाळी पडलीये. ती जाळी म्हणजे खालची खडी बसलीये, पाणी मुरलंय. तिच्यावर ४० मिमी टाका नाहीतर ६० टाका, तीच जाळी वर्ष दोन वर्षात वर दिसणार.

ए-१०२: मग तिथे काय करायचं?

सी-२०१ काका: तेवढा भाग चौकोनात कापून, खालपर्यंत खणून, नवी खडी थराथराने दाबून मग डांबर. याचा चौरस मीटरचा खर्च वरच्या थरापेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि तिन्ही कोटेशनमध्ये याची ओळच नाहीये. पहिल्याने सुद्धा नाही लिहिलं. काम सुरू झाल्यावर खणल्यावर म्हणणार 'साहेब खालचं खराब निघालं, एक्स्ट्रा लागेल', आणि तेव्हा पार्किंग उखडलेलं असतं, आपण नाही म्हणू शकत नाही. म्हणून आत्ताच या खोल पॅचचा चौरस मीटरचा दर वेगळा लिहून घ्यायचा, आणि किती चौरस मीटर ते आपण रंगाने आखून द्यायचं. खाली जास्त खराब निघालं तरी दर तोच.

खजिनदार: म्हणजे फंडातून थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागेल त्यासाठी. ते मी बघतो. पण मग एकूण बजेट वाढतंय.

सी-२०१ काका: वाढतंय, पण बी विंगपुढचं काढून टाकलं तर तेवढं कमी पण होतंय. नीट केलेला थर ८ ते १५ वर्षं जातो. एकूण आकडा बघण्यापेक्षा वर्षाला किती पडतो ते बघा.

सेक्रेटरी: काका मोजमापाचं पण बघा. पहिल्याने १२०० लिहिलंय, दुसऱ्याने १३२०. जागा तर तीच आहे.

सी-२०१ काका: दुसऱ्याने बागेच्या कडेची ब्लॉकची पट्टी पण धरलेली दिसतेय. दहा टक्क्यांचा फरक इथेच आला. म्हणून आपणच टेपने मोजून एक नकाशा तिघांना द्यायचा आणि सांगायचं याच्यावरच भाव द्या.

ए-३०५: आमच्या लिफ्टच्या लॉबीसमोर आत्ताच पाणी साचतं, त्यात ४० मिमी वर आलं तर पाणी थेट लॉबीत येईल ना? माझी आई व्हीलचेअरवर असते, उंबरठा बदलला तर तिला बाहेर काढणं अवघड होईल, म्हणून विचारतेय.

सी-२०१ काका: अगदी बरोबर विचारलंस बेटा, हे मी लिहायचं विसरलो होतो. लॉबी, रॅम्प आणि गटाराच्या कडेला जुना थर मशीनने खरवडून काढायचा, त्याला मिलिंग म्हणतात, म्हणजे नवा थर जुन्याच लेव्हलला येतो. आणि उतार मीटरला निदान १५ ते २० मिमी ठेवायला सांगायचा, गटाराकडे. उरलेल्या भागात मिलिंग नको, उगाच खर्च. खरवडलेला माल पुन्हा वापरता येतो, त्यामुळे तो नेणार असेल तर त्याबद्दल भावात सूट मागायची. लॉबीपुढची लेव्हल मी स्वतः ट्यूबलेव्हल लावून बघेन, काळजी करू नकोस.

बी-२०२: गाड्या कुठे ठेवायच्या पण? अर्धं अर्धं करता येईल का, आधी ए विंग मग पुढच्या महिन्यात बी?

सी-२०१ काका: करता येईल पण पेव्हर, रोलर, टँकर, माणसं दोनदा आणावी लागतात, तो आणायचा खर्च काम छोटं असो मोठं असो सारखाच, म्हणून छोट्या कामाला दर नेहमी जास्त लागतो. लागोपाठ दोन दिवसात दोन भाग केले तर मशीन इथेच राहतं. नंतर दोन तीन दिवस गाडी अजिबात नाही, आणि पुढे काही आठवडे उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं नाही. टू व्हीलरवाल्यांनी साइड स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवायचा नाहीतर उन्हात स्टँड आत रुततो.

बी-४०३: ते मी बघतो, माझ्याकडे प्लायचे तुकडे पडलेत, सगळ्यांना कापून देतो. आणि काका, पेमेंटचं कसं?

सी-२०१ काका: काही टक्के पैसे मागे ठेवायचे, एक पाऊस झाल्यावर द्यायचे, ते आधीच करारात लिहून. आणि येणारा प्रत्येक ट्रक वजनकाट्याच्या पावतीसकट, ११३ टन म्हणजे ११३ टन. बी विंगपुढचं वगळलं तर तेवढे टन कमी होतील, तो आकडा मी काढून देतो. जाडीचा संशय आला तर कोअर, म्हणजे थराचा आरपार गोल तुकडा, कापून बघता येतं, ते पण करारात घालू. कोटेशनची मुदत पण बघा, डांबर कच्च्या तेलातून येतं, तेलाचा भाव हलला की हे पण हलतं, म्हणून हे लोक महिनाभराच्या वर भाव धरून ठेवत नाहीत.

सेक्रेटरी: ठीक आहे. रविवारी फायनल करत नाही. मोजमाप, दाबलेली ४० मिमी, टॅक कोट, लॉबीकडे मिलिंग, खोल पॅचचा वेगळा दर, एवढं एका पत्रावर लिहून तिघांनाही परत पाठवतो, तिसऱ्याला पण. तो याच कामाला कमी भाव देत असेल तर त्यालाच देऊ.

बी-४०३: हे पटलं.

ए-१०२: मी रविवारी सकाळी ७ ला टेप घेऊन खाली येते, अजून कोणीतरी दुसरं टोक धरायला या. जाळी पडलेला भाग मी खडूने आखून ठेवते.

सी-२०१ काका: खडू नको ताई, पाऊस आला की जाईल. ऑइल पेंट आणा, पिवळा. मी येतो.