'कॉन्ट्रास्ट' रंगांना मराठीत काय म्हणाल?

मैत्रेयी: घरसजावटीवरचा लेख मराठीत आणतेय. खोलीच्या तीन भिंती मोतिया आणि पलंगामागची गडद मोरपंखी. ही जोडी 'कॉन्ट्रास्टिंग'. 'विरोधी रंग' लिहिलं तर संपादक म्हणतात, रंगांचं भांडण लागल्यासारखं वाटतं. 'विसंगत' म्हणजे तर दोषच. काय लिहू?

पाणबुडी: 'विरोधी'च लिहा. इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेसाठी आम्ही हेच शिकलो: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. तुमची जोडी मात्र त्यात बसत नाही. तिथे मुख्य फरक फिक्या-गडदाचा आहे.

शंतनू: संस्कृतात नेमका शब्द आहे, 'परभाग'. शेजारच्या रंगामुळे खुललेली शोभा. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात तांबूस पालवीवरचं दव आणि ओठावरचं हसू यांची तुलना करताना कालिदासाने तो वापरलाय. लालावर पांढरा कसा खुलतो बघा!

सुमनताई: शब्द गोड आहे रे, पण रंगाऱ्याला कळेल का? साडीच्या दुकानात आपण सगळ्याच 'काठ कॉन्ट्रास्टमध्ये दाखवा' म्हणतो. वाचकाला कळतो तोच ठेवावा.

शंतनू: ताई, 'महापौर'ही एकेकाळी कुणाला कळत नव्हता. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

पेडणेकर: लालावर पांढरा म्हणालात म्हणून सांगतो. गोव्या-कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम बघा. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव चढवतात आणि ती टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. दोनच रंग, पण नक्षी लांबून उठून दिसते. मैत्रेयी, 'उठावाचा रंग' लिहा.

सुमनताई: काव म्हणजे गेरूच ना?

पेडणेकर: छे! आमच्याकडे वृंदावनाला गेरू आणि भिंतीला काव. दोन्ही वेगळे.

सुमनताई: आमच्या साताऱ्याकडे दोन्हीला गेरूच म्हणतात.

पाणबुडी: 'कावीळ' या कावेवरूनच आला असणार.

शंतनू: नाही हो, तो 'कामला'वरून. शिवाय काव लाल, कावीळ पिवळी.

मैत्रेयी: 'उठावाची भिंत' आवडलं, मोरपंखी भिंतीला चपखल बसतंय. पण दोन्ही रंगांना मिळून काय म्हणायचं?

पेडणेकर: पिवळीही असते हो काव! आमच्या जुन्या घराचं माजघर पिवळ्या कावेनेच रंगवलेलं होतं.