जिनिंगचा हिशेब क्लाउडवर न्यावा का?

प्रश्न (वणी तालुका): आमच्या जिनिंगमधील (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यातील) वजनकाट्याच्या पावत्या, गाठी-सरकीचा साठा आणि जीएसटीची बिले सध्या एकाच संगणकावर आहेत. सीए क्लाउड सॉफ्टवेअर, म्हणजे हिशेब इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर ठेवणारी प्रणाली, सुचवतात. परंतु ऐन हंगामात वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यास कापसाच्या गाड्या फाटकावर खोळंबतील काय?

उत्तर (हिंगणघाट): काटा इंटरनेटच्या भरवशावर ठेवू नये. नोंद आधी जागच्या संगणकावर होऊन जोडणी परतल्यावर आपोआप क्लाउडवर जाणारी प्रणालीच घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर इंटरनेट बंद करून काही पावत्या काढून पाहाव्यात. त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नये.

उत्तर (अकोला, दालमिल): उलाढाल ५ कोटींहून अधिक असल्यास १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांना ई-इनव्हॉइस (बिलाची सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंद) बंधनकारक आहे, म्हणजे तेथे इंटरनेट लागणारच, दोन कंपन्यांची सिम ठेवावीत. माझ्या मते खरी मेख सॉफ्टवेअरची वर्गणी थांबवल्यानंतरची आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. म्हणून जुना डेटा एक्सेलमध्ये परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ता: आमची भागीदारी संस्था आहे. ऑडिट ट्रेलची, म्हणजे हिशेबातला प्रत्येक बदल सॉफ्टवेअरमध्ये नोंदला जाण्याची, सक्ती आम्हालाही आहे का?

उत्तर (अकोला, दालमिल): नाही. १ एप्रिल २०२३ पासूनची ती अट कंपनी कायद्याखालील कंपन्यांसाठी आहे.