जिवंत नाताळ देखावा: इटलीतील गावांची रीत आणि सोलापुरातील आमचा बेत

साखरपेठकर
आमच्या चर्चच्या तरुण मंडळाला यंदा मातीच्या मूर्तींऐवजी ख्रिस्तजन्माचा जिवंत देखावा करायचा आहे. गणेशोत्सवातले जिवंत देखावे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. परंतु इटलीतील खेड्यांत ही रीत शेकडो वर्षांची आहे असे ऐकले असल्यामुळे, तिथे नेमके काय करतात हे समजून घेतल्याशिवाय कामाला लागू नये असे मला वाटते. मंडळातील काही जणांना पुठ्ठ्याचे बेथलेहेम, भाड्याचे रेशमी झगे आणि ध्वनिमुद्रित संवाद हवे आहेत. यात काहीतरी चुकते आहे असे सारखे वाटते, पण काय ते मला नीट मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका, होटगी रोड
या रीतीचा उगम ग्रेच्चो या मध्य इटलीतील रिएती खोऱ्यातल्या डोंगरगावात सापडतो. १२२३ च्या नाताळच्या रात्री असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी तिथे नवजात येशूला जिच्यात निजवले होते तशी गव्हाण मांडली, तिच्यात वाळलेले गवत घातले आणि शेजारी एक बैल व एक गाढव उभे केले. ही तयारी करण्यास त्यांनी जोव्हान्नी नावाच्या स्थानिक सरदाराला सुमारे पंधरा दिवस आधी सांगून ठेवले होते. चेलानोच्या थॉमस यांनी काही वर्षांतच लिहिलेल्या फ्रान्सिस यांच्या चरित्रात हा प्रसंग आला आहे. त्यात येशूची आई मरिया किंवा तिचा पती योसेफ यांची सोंगे घेतलेले कोणी नाही, हे आपल्या मंडळाला आवर्जून सांगा. गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली, फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूची कथा, गाऊन प्रवचन दिले आणि आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन आले. गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले आणि आजारी जनावरांना खाऊ घातले, असेही थॉमस लिहितात. मला त्या साऱ्या वर्णनातला हा तपशील सर्वांत जवळचा वाटतो.

एक दुरुस्तीही करते. गावोगावी आज होणारे मोठे देखावे, ज्यांना इटलीत ‘प्रेसेपे व्हिव्हेन्ते’ म्हणतात, ते बहुतांशी गेल्या काही दशकांत रुजले आहेत. परंपरा जुनी आहे, पण तिचे आजचे रूप तेवढे जुने नाही.

मागावरचा माणूस
या आजच्या रूपाविषयी लिहितो. सिसिलीतील कुस्तोनाची गावाजवळ मान्जापाने नावाची प्रचंड गुहा आहे. तिच्या तोंडाशी दगडी घरांची एक छोटी वस्ती असून त्याच नावाचे कुटुंब तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. नाताळात ती रिकामी वस्ती पुन्हा जागी होते. कुंभार चाक फिरवतो, कोणी टोपल्या विणतो, कोणी पाव भाजतो, बाई मागावर बसते, आणि हे सारे पाहत पाहत माणूस शेवटी गव्हाणीपाशी पोहोचतो. दक्षिणेतील मातेरा शहरातही ‘सास्सी’ म्हणजे खडकात कोरलेल्या घरांमध्ये असा देखावा होतो. १९५० च्या दशकात सरकारने तिथल्या लोकांना बाहेर हलवले होते, आणि १९९३ मध्ये तीच वस्ती जागतिक वारसा ठरली.

तुम्हाला जे मांडता येत नव्हते, ते बहुधा हेच असावे. तिथे लोक प्राचीन यहुदी होण्याची धडपड करत नाहीत, तर आपल्या आजी-आजोबांचे काम हातात घेतात आणि त्या कामाच्या मध्ये बाळ जन्मते. मग सोलापूरच्या देखाव्यात हातमाग का नसावा? माझी आई चरख्यावर कांड्या भरताना दोरा तुटला की न बघता बोटांनी गाठ मारत असे. ती गाठ मारणारी एक जरी बाई गव्हाणीच्या वाटेवर बसली, तरी रेशमी झग्यांची गरज उरणार नाही.

वाचक, विजापूर वेस
आपल्या भावनेचा आदर ठेवून मला हरकत नोंदवायची आहे. शुभवर्तमानात माग नाही, कुंभार नाही. अशी भर घालत गेल्यास मूळ प्रसंग बाजूला पडून हस्तकलेचे प्रदर्शन तेवढे उरेल.

निवृत्त शिक्षिका, होटगी रोड
ही भीती अनाठायी नाही, आणि इटलीतही काही ठिकाणी खाण्याच्या टपऱ्यांपुढे गव्हाण हरवते. मात्र लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण असली, तरी बैल आणि गाढव नाहीत. ते बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील, धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या जनावरांच्या वचनावरून आले, आणि तरीही त्यांना कोणी परके मानत नाही. आपल्याकडे संक्रांतीला सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह दरवर्षी लागतो, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात. जमलेला माणूस तिथे वऱ्हाडी असतो, प्रेक्षक नव्हे. देखाव्याची कसोटी हीच ठेवावी: वाटेवरचे प्रत्येक काम माणसाला गव्हाणीकडे नेते आहे की तिथेच अडवून ठेवते आहे?

साखरपेठकर
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल मंडळात हे सारे वाचून दाखवले. पुठ्ठ्याचे बेथलेहेम रद्द झाले. एक हातमाग, एक कुंभाराचे चाक आणि घोंगडी पांघरलेले दोन धनगर, त्यांच्या चार मेंढ्यांसह, एवढेच वाटेवर असेल. संवाद नसतील, शुभवर्तमानाचे वाचन होईल. मरिया आणि योसेफ यांच्याबद्दल अजून एकमत नाही, पण गव्हाणीत ज्वारीचा कडबा घालायचा हे सर्वांनी लगेच मान्य केले. कडबा वाळलेला असल्याने मशाली मात्र लांब, मोकळ्या जागेत ठेवणार आहोत. मंडळातील एका शेतकऱ्याने तो द्यायचे कबूल केले आहे. देखावा संपल्यावर त्यातल्या चार पेंढ्या आपल्या बैलांसाठी परत मिळाव्यात, एवढेच त्याचे मागणे आहे.