रोजच्या स्वयंसूचना तोंडपाठ झाल्या, वागण्यात फरक पडेना. काय बदलू?

चरईची_चिमणी

नमस्कार मंडळी. रोज सकाळी आरशासमोर पाच वाक्यं म्हणते: ‘मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे’, ‘माझा रागावर पूर्ण ताबा आहे’, ‘माझं शरीर निरोगी आहे’, ‘पैसा माझ्याकडे सहज येतो’ आणि ‘मी प्रेमाला पात्र आहे’. प्रत्येक वाक्य दहा वेळा. २१ दिवसांत फरक पडतो असं ऐकलं होतं, ते कधीच उलटले. महाप्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये अजून तोंड उघडत नाही आणि संध्याकाळी मुलाचं गणित घेताना आवाज चढतोच. शेवटचं वाक्य म्हटल्यावर तर उलट उदास वाटतं. वाक्यं चुकलीत की पद्धत? किती वेळा, कधी म्हणायची? आणि २१ दिवसांचं खरं काय?

विवेकवाट

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते आजच थांबवायला हवं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि सहकाऱ्यांचा २००९चा अभ्यास जवळपास याच वाक्यावर आहे. ज्यांना मुळातच स्वतःबद्दल चांगलं वाटत होतं, त्यांना ते म्हणून थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटायचा, त्यांची मनःस्थिती वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही खालावली. न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच विरुद्ध बाजूचे पुरावे काढायला बसतं. दहा वेळा वाक्य, दहा वेळा पुरावे.

आता हे करून बघा. एक वाक्य सावकाश, मोठ्याने म्हणा आणि त्यामागून मनात उठणारा ‘पण’ जसाच्या तसा वहीत उतरवा. ‘मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे, पण साहेबांनी माझ्याकडे बघितलं की घसा कोरडा पडतो.’ मग या क्षणी ते वाक्य किती पटतं त्याला दहापैकी गुण द्या. सातच्या खाली असेल (सात हा सोयीसाठी धरलेला आकडा आहे) तर वाक्य एकेक पायरी खाली आणा. ‘पण’च्या पुढे जे आलं तेच वाक्यात घ्या: ‘घसा कोरडा पडला तरी मी एक मुद्दा मांडू शकते.’ ऐकायला भारी नाही, पण मन त्याच्याशी भांडत नाही.

रागाचं वाक्य मात्र मुळापासून बदला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्यातल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. तिचं म्हणणं असं, की मुलाची चूक आणि तुमचा राग यांच्यामध्ये एक आग्रह बसलेला असतो: ‘इतकं सोपं गणित त्याला आलंच पाहिजे.’ तो तसाच ठेवून वरून ‘पूर्ण ताबा, पूर्ण ताबा’ म्हणत राहिलं, तर आवाज चढतोच आणि तो चढला म्हणून स्वतःवर दुसरा राग येतो. आग्रहाची जागा इच्छेला द्या: ‘त्याला हे गणित यावं असं मला मनापासून वाटतं. आज नाही आलं तर त्रास होईल, पण आभाळ कोसळणार नाही.’ यातलं पहिलं वाक्य गाळू नका. नुसतं ‘नाही आलं तरी चालेल’ म्हटलं तर ते खोटं ठरतं, कारण तुम्हाला ते चालणार नसतं.

जर_तर_घणसोली

वरच्या उत्तरानंतरही एक अडचण उरते. पटणारं वाक्यही सकाळी आरशापाशी म्हटलं जातं आणि प्रसंग येतो संध्याकाळी. तोवर ते आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं काम या फटीवरच आहे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं आधी ठरवणाऱ्यांचं काम नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त तडीस गेलेलं दिसलं.

सगळी मेख ‘अमुक’ निवडण्यात आहे. ‘राग आला की’ हे लोकांचं पहिलं उत्तर असतं आणि तिथेच योजना फसते, कारण राग आल्याचं लक्षात येईपर्यंत आवाज चढून गेलेला असतो. डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल आणि रागाच्या आधी घडेल असं काहीतरी शोधा. अभ्यास घेताना नीट बघा: पोरगं हातचा विसरतं, पेन्सिल थांबते, आणि आवाज चढण्याआधी तुमचा हात खोडरबराकडे जातो. तो हात ही तुमची खूण. वाक्य असं होईल: ‘माझा हात खोडरबराकडे गेला की मी तो मांडीवर ठेवेन आणि “हे तू कसं केलंस, सांग” एवढंच विचारेन.’ कृती अर्ध्या मिनिटात होणारी हवी आणि ‘करणार नाही’ अशी नको. ‘ओरडणार नाही’ म्हटलं तर त्या जागी काय करायचं ते हाताला कळत नाही.

मीटिंगसाठी: ‘अजेंड्यातला पहिला मुद्दा संपला की मी वहीत लिहून आणलेला प्रश्न विचारेन.’ प्रश्न आदल्या दिवशी लिहिलेला असावा, ऐन वेळी सुचेल या भरवशावर राहू नका. पहिल्याच मुद्द्यानंतर विचारा, कारण जितकं थांबाल तितकं तोंड उघडणं जड जातं.

एका वेळी अशी दोनच वाक्यं चालवा. पाच-सहा योजना एकदम धरल्या की एकही धड पाळली जात नाही.

मासुंदा_काका

किती वेळा म्हणायचं, याबद्दल. ही वीस-वीस वेळा म्हणायची रीत एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने रूढ केली. रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्याबरोबर, डोळे मिटून, हलक्या आवाजात, वीस गाठींची दोरी बोटांनी सरकवत. जोर लावू नका, हा त्यांचा मुख्य दंडक होता. ताकदीने म्हणाल तितका उलटा परिणाम होतो, असं ते सांगत. आरशासमोर मुठी आवळून म्हणण्याची पद्धत त्यांची नव्हे.

वरच्या ‘अमुक झालं की तमुक करेन’ या जर-तरच्या वाक्याला वीस आवर्तनंही लागत नाहीत. तीनदा म्हणा, पण प्रत्येक वेळी ती खूण डोळ्यांसमोर आणून. गाडी ऐरोलीहून सुटली की मीटिंगचं वाक्य, परतताना त्याच जागी अभ्यासाचं. वेळ घड्याळावर ठेवली की सुटते, स्टेशनवर ठेवली की सहसा सुटत नाही.

२१ दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहराही गळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी सवय लावायला दिली. कृती आपसूक व्हायला मध्यक ६६ दिवस आले आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा होता. २५४ हा आकडा १२ आठवड्यांच्या पुढचा, हिशोबाने काढलेला आहे. तुमच्या कामाचा भाग असा, की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही.

उपवन_काठ

एक वेगळा प्रकार सुचवते, ‘प्रेमाला पात्र’ या वाक्याच्या जागी. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात स्वतःची स्तुती नाही. आपल्याला काय मोलाचं वाटतं ते लिहायचं. आठ-दहा गोष्टींची यादी करा: नाती, शेजार, गाणं, प्रामाणिकपणा, श्रद्धा, शिकणं, झाडं, काहीही. त्यातली एक निवडा. ती जिथे तुम्ही अडता त्या विषयाची नको: मीटिंगची धास्ती असेल तर ‘कामातलं यश’ सोडून बाकी काहीही. दहा-पंधरा मिनिटं हाताने लिहा: ही गोष्ट मला का मोलाची आहे आणि मी तिला धरून कधी वागले. शुद्धलेखन बघू नका.

हे रोज करू नका. अप्रेझल, परीक्षा, अवघड बोलणं यांच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी करा. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांकडून असं लिहून घेतलं, तेव्हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या गुणांतली दरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या मोठ्या प्रयोगात परिणाम पुष्कळच लहान दिसला, म्हणून चमत्काराची अपेक्षा नको. पण यात खोटं बोलावं लागत नाही आणि ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी मला हीच वाट जास्त सुरक्षित वाटते.

चरईची_चिमणी

सगळ्यांचे मनापासून आभार. खोडरबराचं अगदी तसंच होतं! पैसा आणि निरोगी शरीर या वाक्यांचं काय करू? आणि फरक पडतोय हे कळणार कसं?

जर_तर_घणसोली

पैशाचं वाक्य सोडा. इच्छा पूर्ण झाल्याचं गोड चित्र रंगवत बसलं की प्रत्यक्ष धडपड कमी होते, हे मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय. चित्र रंगवायचंच तर लगेच पुढे अडथळा लिहा, मग योजना. उदाहरणार्थ, अडथळा: पगार दहा तारखेपर्यंत विरून जातो. योजना: ‘पगाराचा मेसेज आला की चहाला उठण्याआधी २,००० रुपये आरडीत टाकेन.’ रक्कम तुमच्या ऐपतीची.

मोजायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरेल. रोजच्या चौकोनात दोन खुणा: वाक्य म्हटलं तर टिंब, खूण आल्यावर कृती झाली तर फुली. दर रविवारी फक्त फुल्या मोजा. टिंबं भरपूर आणि फुल्या नाहीत, असं दोन आठवडे चाललं तर खूण चुकीची आहे, ती आणखी आधीची शोधा. फुल्या न म्हणताही पडायला लागल्या की ते वाक्य बंद करून दुसरं घ्या.

विवेकवाट

‘शरीर निरोगी आहे’ हे वाक्य बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नको. त्याच्या भरवशावर लोक गोळ्या सोडतात. त्याऐवजी ‘रात्रीचं ताट उचललं की गोळी घेईन’, अर्थात डॉक्टरांनी ती रात्रीची सांगितली असेल तर. आणि ती उदासी वाक्यं थांबवूनही दोन आठवडे रोज राहिली, झोप-भूक बिघडली, तर वहीवर अवलंबून राहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.