पोरगी बारावी सायन्सला आहे, ॲडमिशनची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवू का?

द्राक्षबाग_तासगाव:
राम राम मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, दोन एकर बाग आहे, पोरगी सांगलीला बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), रोज एसटीनं जाऊन येऊन करते. अभ्यासाचं तिचं ती बघते, मी काय विचारलं तर "पप्पा तुम्ही बागेतल्या डिपिंगचं बघा" म्हणते. पण कागदपत्रांचं मलाच बघायचंय. आता सप्टेंबर सरत आला, ऑक्टोबर छाटणी लागली की मला मान वर करायला सवड नसते, आणि फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा अन् माझा माल काढणीला दोन्ही एकदमच, म्हणून म्हटलं जे काय असेल ते आत्ताच उरकून टाकावं. ओबीसी आहोत. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाही, आमच्या घरात कुणी काढलेलीच नाही. ई-सेवावाला म्हणतो डोमिसाईल (रहिवासाचा दाखला), उत्पन्न, नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा ओबीसीचा दाखला), व्हॅलिडिटी सगळं एकदम करून देतो. देऊ का त्याला? तिच्या मनात सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं कॉम्प्युटर आहे. नाहीच झालं तर कराड गव्हर्मेंट नायतर राजारामनगरचं आरआयटी. पुणं तिच्या मामाच्या डोक्यात आहे, माझ्या नाही.

कराडी_मेकॅनिकल:
काका थांबा, नॉन क्रिमीलेयर आत्ता काढू नका!! माझं वाटोळं त्यातच झालं होतं. आमच्या पप्पांनी पण तुमच्यासारखंच हौसेनं दिवाळीच्या सुट्टीत सगळं काढलं, वर लॅमिनेशन करून फायलीत लावून ठेवलं. जुलैत कागद तपासायला बसलो तर समोरच्या मॅडमनी काही न बोलता खालच्या ओळीवर पेन ठेवलं, ३१ मार्चपर्यंत वैध. तो मार्च कधीच होऊन गेलेला. पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे असतं. मग पावसात तलाठी, तहसील, प्रांत असं चार दिवस पळालो, दाखला हातात आला तेव्हा मेरिट लिस्ट लागून गेलेली, आणि मी पहिल्या राऊंडला ओपनमधून. त्यामुळं नॉन क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये. तीन वर्षांचं नॉन क्रिमीलेयर मिळत असेल तर गोष्ट वेगळी, तरी तारीख स्वतः वाचा. डोमिसाईलला मुदत नसते, ते काढा खुशाल आत्ता.

मिरजेची_आई:
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण भाऊ, व्हॅलिडिटीचं बरोबर उलटं. ती आजच सुरू करा, छाटणी राहिली तरी चालेल (बरं, नाही चालणार, पण कळलं ना). मी मागच्या वर्षी मुलासाठी केली, साडेसहा महिने गेले. फॉर्म ऑनलाईन भरायचा, बारावीत असतानाच कॉलेजच्या सही-शिक्क्यानं, मग सगळ्याची प्रिंट काढून सांगलीच्या पडताळणी समितीकडं. फॉर्म सोपाय हो. घोडं अडतं ते पुराव्यावर. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे तुमचा दाखला पुरत नाही, तुमच्या वडिलांचा, नायतर चुलत्या-आज्याचा लागतो. आणि वंशावळ लिहून प्रतिज्ञापत्र. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडं व्हॅलिडिटी असली तर काम निम्मं झालं समजा, म्हणून आधी भावकीत नीट चौकशी करा, "कुणी काढली नाही" असं आम्ही पण म्हणत होतो आणि सासऱ्यांच्या चुलतभावाचा नातू निघाला विट्याला, त्याच्याकडं २ वर्षांपासून होती, बोललाच नव्हता! दुसरं म्हणजे कुणी सांगेल अर्जाची पावती दाखवून ॲडमिशन मिळतं, मागनं देता येतं. काही वर्षी मुदतवाढ मिळाली हे खरं, पण त्या भरवशावर पोरीला बसवू नका. आणि एकदा निघाली की जन्माची, धाकट्यालाही उपयोगी.

सेकंडइयर_सीएस:
हाय, मी सध्या सांगलीतच शिकतोय. काका, कागदांबरोबर अजून एक काम ताईबरोबर बसून करा, सीईटी सेलच्या (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, घेणारं सरकारी खातं) साईटवर मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ असते ती उघडा. पहिल्यांदा बघून डोकं गरगरतं, जीओपनएस, एलओपनएस, जीओबीसीएच असलं काय काय लिहिलेलं असतं. सोपं आहे, जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे फक्त मुली, मधे कॅटेगरी, शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्य पातळी, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. आपली शिवाजी विद्यापीठ, म्हणजे कोल्हापूर सांगली सातारा. तिचा विचार जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलओबीसी अशा चारही रांगांत होतो, लोक एकच आकडा बघतात आणि घाबरून पर्यायच टाकत नाहीत. आमच्या वर्गातल्या एकीनं असंच कराड टाकलंच नव्हतं, नंतर बघितलं तर तिला मिळत होतं.

ऑप्शन फॉर्मला (कॉलेजांचे पर्याय क्रमानं भरायचा फॉर्म) मनातलं कॉलेज एक नंबरला, सेफ वाटतं म्हणून भलतंच वर टाकायचं नाही, कारण पहिल्या राऊंडला एक नंबरचाच पर्याय लागला तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, मग "पुढच्या राऊंडला बघू" चालत नाही. आणि फॉर्मला मोबाईल नंबर स्वतःचा द्या. माझ्या मित्राचा कॅफेवाल्यानं स्वतःचा टाकला होता, ओटीपी त्याच्याकडं, आणि शेवटच्या दिवशी तो गेला यात्रेला, फोन बंद 😭 तुमच्या ई-सेवावाल्याला पण हेच लागू.

सीईटीचं ताईला माहिती असणारच, तरी सांगतो, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मॅथ्सचे ५० प्रश्न २-२ मार्कांचे, म्हणजे २०० पैकी १०० तिथंच. अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो, मी अकरावीची पुस्तकं चुलतबहिणीला देऊन टाकली होती, एप्रिलमध्ये परत मागायला गेलो, लाज वाटली राव. बोर्डाला पण हयगय नको, सीईटीला कितीही पडू देत, पीसीएमला ओपनला ४५ आणि राखीवला ४० टक्के लागतातच.

पुण्यातला_सातारकर:
मामाची बाजू कुणी घेईना म्हणून मी घेतो 😄 साताऱ्याचा आहे, पुण्यात शिकलो, चांगलं झालं माझं. पण खरं सांगायचं तर पहिलं वर्ष रूम, मेस आणि दर पंधरा दिवसांनी घरची आठवण आली की स्वारगेट, यातच गेलं. सीओईपीसारखं (पुण्यातलं जुनं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज) मिळत असेल तर डोळे झाकून या. नाव न ऐकलेल्या कॉलेजात फक्त पुणं आहे म्हणून येण्यापेक्षा वालचंद, कराड कधीही. फीचं बघा, २०२४-२५ पासून ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅप राऊंडमधून (सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांतून) ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि "माफ" ऐकून गाफील राहू नका, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस खिशातूनच. आमच्या घरात बहिणीच्या वेळी यावरूनच भांडण झालं होतं, वडिलांना वाटलं एक रुपया लागणार नाही.

द्राक्षबाग_तासगाव:
सगळ्यांचे आभार, लई उपयोग झाला. ई-सेवावाल्याला फक्त डोमिसाईल दिलं, त्याचं तोंड जरा पडलं. काल वडिलांच्या गावच्या प्राथमिक शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातनं जुनं जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण वडिलांची ओळ शाबूत आहे, १९५४ ची, जात स्पष्ट लिहिलेली. पोरगी पण आली होती बरोबर, ती बोटानं ओळ धरून वाचत बसली, आज्जाचं अक्षर नाही, पण आज्जाच वाटला असेल तिला. उतारा परवा मिळतोय. अडचण एकच, रजिस्टरला नाव धोंडी आहे आणि माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव धोंडीराम. याचं काय करायचं?

मिरजेची_आई:
काळजी करू नका, आमच्यात बाळू आणि बाळासाहेब होतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करा, आणि सातबाऱ्यावर, जुन्या फेरफारात त्यांचं नाव कसं लागलंय ते बघून त्याची नक्कल जोडा. उतारा घेताना गुरुजींचा शिक्का आणि तारीख आहे का तेवढं तिथंच बघून घ्या, परत हेलपाटा नको. वंशावळीत मात्र एकच नाव ठेवा हां.

द्राक्षबाग_तासगाव:
फेरफारला धोंडीराम उर्फ धोंडी आहे! आत्ताच ट्रंकेतनं काढून बघितलं.