अंगावरून पांढरे जाणे आणि खाज वारंवार उलटते. कायमचा आराम कसा पडेल?

प्रश्न (रावेर तालुका)

माझे वय ३८ आहे. गेल्या वर्षभरापासून अंगावरून दह्याच्या गुठळ्यांसारखे पांढरे जाते, लघवीच्या वेळी जागेवर चरचरते आणि खाजेमुळे रात्रीची झोप लागत नाही. दर वेळी मेडिकलवरून फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी आणते. चार दिवसांत आराम पडतो आणि महिना-दोन महिन्यांत दुखणे पुन्हा उलटते. एप्रिल-मेच्या उन्हात केळीच्या बागेत दिवसभर घामाच्या कपड्यांत राहावे लागले की त्रास अधिकच वाढतो. सासूबाई याला उष्णता म्हणतात, म्हणून सब्जा आणि धण्याचे पाणी चालू आहे. यजमानांनीही औषध घ्यावे का?

उत्तर (धुळे, निवृत्त परिचारिका)

ताई, वर्षभरात तीन-चार वेळा असे झाले असेल तर एकेक गोळी घेत राहण्यात अर्थ नाही. आधी स्रावाची तपासणी करून घ्या, आणि तीही त्रास चालू असताना, गोळी घेण्यापूर्वी. असा त्रास बहुधा बुरशीमुळे होतो. बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स या जातीची असते, परंतु कॅन्डिडा ग्लॅब्राटा निघाली तर फ्लुकोनॅझोलला ती फारशी दाद देत नाही आणि उपचार बदलावा लागतो. स्राव पातळ असून त्याला माशासारखा वास येत असेल, तर ते दुखणेच वेगळे असू शकते व त्यावर बुरशीचे औषध लागू पडणार नाही. तालुक्याला कल्चरची (स्रावातील बुरशी वाढवून तिची जात ओळखण्याची) सोय नसल्यास जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात विचारा.

अल्बिकन्सच निघाली, तर डॉक्टर सहसा पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी १५० मिलिग्रॅमची एकेक गोळी देतात आणि त्यानंतर आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने चालू ठेवतात. आराम पडला म्हणून हा दुसरा टप्पा मध्येच सोडू नये. यजमानांना काही त्रास नसेल, तर त्यांना औषधाची गरज सहसा नसते.

उत्तर (जळगाव)

रक्तातील साखर तपासली आहे का? उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), दोन्ही करून घ्या. माझ्या बहिणीचा मधुमेह याच दुखण्यामुळे उघडकीस आला. घरात कोणी मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असेल, तर त्यांनाही हे सांगून ठेवा, कारण या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे त्या जागी बुरशी होण्याचे प्रमाण वाढते. सर्दी-खोकल्याला ऊठसूट अँटिबायोटिक घेण्याची सवय असेल, तर तीही सोडा.

उत्तर (शहादा)

आपल्याकडे बायकांचे आतले कपडे दोरीवर साडीच्या पदराखाली झाकून वाळत घालतात. उन्हाळ्यात ते तरी वाळतात, पावसाळ्यात दमटच अंगावर चढतात. कोण काय म्हणेल याचा विचार न करता ते मोकळ्या उन्हात घाला, सुती वापरा, आणि बागेतून आल्याबरोबर बदला. आतून साबणाने किंवा डेटॉलने धुणे मुळीच करू नये, कारण त्याने तिथली कातडी सोलवटते आणि आग वाढते. मेडिकलवाले खाजेसाठी जी मिश्र मलमे देतात, त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असते; खाज दोन दिवस दबते, पण बुरशी तशीच राहते. दही खाण्यास हरकत नाही, मात्र ते आत लावू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तपासणी याच आठवड्यात करते. सहा महिने गोळी घेतल्याने लिव्हरला काही होत नाही ना?

उत्तर (धुळे, निवृत्त परिचारिका)

एरवी प्रकृती चांगली असेल, तर आठवड्याला एक गोळी बहुतेकींना सोसते. मात्र लिव्हरचे जुने दुखणे असल्यास, किंवा रक्त पातळ करणारे अथवा कोलेस्टेरॉलचे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी घेऊच नका. त्या वेळी आत ठेवण्याचे क्लोट्रिमॅझोल सात दिवस देतात. सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावरही पुष्कळ जणींना काही काळाने हे पुन्हा होते. तसे झाल्यास मेडिकलवर न जाता त्याच डॉक्टरांकडे जा आणि पहिल्या तपासणीचा कागद सोबत न्या.