घड्याळ घ्यावं की लेझर? खारघर-चेंबूरच्या गोल्फसाठी अंतर मोजायचं साधन

खारघरवाला:
मंडळी, गोल्फमधला हँडिकॅप २४ आहे (फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात). शनिवार-रविवार खारघर व्हॅलीला खेळतो, अधूनमधून चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीत पाहुणा म्हणून. आतापर्यंत दीडशे यार्डांची खूण आणि कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) सांगेल तो आकडा, यावर भागलं. आता पंधरा-वीस हजारांत एकच वस्तू घ्यायची आहे. जीपीएस घड्याळ की लेझर रेंजफाइंडर? खारघरला चढउतार आहेत म्हणून स्लोपवालं (चढउतार धरून अंतर सांगणारं) घ्यावंसं वाटतं, पण ते स्पर्धेत चालतं का? आणि पावसाळ्यात काय टिकतं?

पार_तीन:
या हँडिकॅपला आधी घड्याळ. तुम्हाला झेंड्यापेक्षा ग्रीनची (झेंडा रोवलेल्या आखूड गवताच्या हिरवळीची) पुढची आणि मागची कड किती लांब आहे हे कळण्याची गरज जास्त आहे. समजा पुढची कड १३८, मध्य १५२, मागची १६५ दिसतंय. सात नंबरचा क्लब (गोल्फची काठी) नीट बसला तर १४५ जातो आणि जरा चुकला तर १३०, म्हणजे बहुधा समोरच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात). सहा नंबर नीट बसला तर १५५, चुकला तर १४०. दोन्ही वेळा चेंडू ग्रीनवरच. हा हिशेब एका नजरेत होतो. डॉगलेगच्या (मध्येच वळणाऱ्या होलच्या) वळणापलीकडचं किंवा चढामागे लपलेलं ग्रीन लेझरला दिसतच नाही, घड्याळाला त्याची अडचण नाही.

मोकळ्या आकाशाखाली तीन-चार यार्डांचा फरक धरून चाला. घड्याळ पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) जाऊन चालू करू नका. पाचेक मिनिटं आधी सरावाच्या पुटिंग ग्रीनवर, छपराबाहेर चालू करा. उपग्रह नीट पकडायच्या आत दिसणारे आकडे भरकटलेले असतात. फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचे गवताचे पट्टे) एकमेकांना खेटून असतील तर घड्याळ आपणहून शेजारच्या होलवर उडी मारतं, म्हणून प्रत्येक टीवर होलचा नंबर आणि पार (त्या होलचे ठरलेले फटके) बघून घ्यायची सवय लावा.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या यादीत तुमचे दोन्ही कोर्स आहेत का, आणि होल आत्ताच्या मांडणीप्रमाणे आहेत का, ते तपासा. यंत्र हातात आलं की आधी एकक बघा. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. मीटरवर राहिलं तर एका क्लबाहून जास्त चूक.

लेझरच_बरं:
वरच्या हिशेबाशी सहमत, पण पावसाळ्याचं काय? ग्रीनवर काम निघालं की तात्पुरतं ग्रीन लावतात. घड्याळातल्या नकाशाला ते माहीत नसतं. ते बंद ग्रीनचंच अंतर दाखवत राहतं, तेही छातीठोकपणे. लेझर जिथे झेंडा असेल तिथलं अंतर देतो, साधारण एका यार्डाच्या फरकाने.

लेझरबद्दल 'झेंडा पकडतच नाही' ही तक्रार नेहमीची. बहुतेकदा दोष हाताचा असतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा, मोकळ्या हाताची बोटं टोपीच्या कडेला लावून यंत्र स्थिर करा, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. बटण दाबून ठेवून झेंड्याच्या काठीच्या डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. झेंडा लागला की यंत्र थरथरतं. तरी विश्वास ठेवू नका. झेंड्यामागचं झाड मुद्दाम वेगळं मोजा. झेंडा १४८ आणि झाड १७५ आलं तर ठीक. दोन्ही १७५ आले तर तुम्ही झाडच मोजलंय, आणि तो क्लब घेऊन मारलात तर चेंडू ग्रीनपल्याड. चेंबूरला झाडं भरपूर आहेत, तिथे हे रोजचं. जवळची वस्तू आधी धरणारा मोड असलेलंच यंत्र घ्या. सहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. त्याहून जास्त घेतलं तर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो.

नियमावली:
स्लोपचं उत्तर: २०१९पासून गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे अंतर मोजायला मुभा आहे, समितीने स्थानिक नियम करून बंदी घातली नसेल तर. उंचसखलपणा मोजायला मात्र मनाई आहे. स्लोपवालं यंत्र जवळ ठेवता येतं, स्पर्धेत ते फीचर वापरायचं नाही एवढंच. पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटके, दुसऱ्याला थेट बाद. म्हणून बाहेरून दिसणारा स्लोपचा खटका असलेलं घ्या. सोबतच्या खेळाडूंना ते बंद आहे हे दिसतं आणि वादच होत नाही. शनिवार-रविवारच्या मैत्रीच्या खेळात खुशाल चालू ठेवा. ते नसलं तरी अंदाज सोपा आहे: ग्रीन तीन फूट वर असेल तर साधारण एक यार्ड वाढवा, खाली असेल तर तेवढाच कमी करा.

खारघरवाला:
मनःपूर्वक आभार. आधी घड्याळच घेतो. लेझर पुढे घेतला तर पावसात सांभाळायचा कसा?

लेझरच_बरं:
जोराच्या सरीत तो थेंबांवरच आपटून परततो आणि दहा-पंधरा यार्ड असं काहीतरी दाखवतो. रिमझिमीत चालतो. एसी गाडीतून थेट बाहेर काढला तर दमट हवेने भिंग धुरकट होतं, म्हणून तो आसनावर न ठेवता डिकीत बॅगेसोबतच ठेवा. घाम पुसलेला टॉवेल भिंगाला लावू नका. चष्म्याचं मऊ कापड वापरा. घरी आल्यावर ओलं पाऊच चेन लावून ठेवलं तर आठवड्याभरात बुरशीची जाळी धरते. पाऊच उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

बॅटरी बऱ्याच यंत्रांत सीआर२ लागते. सीआर१२३ तिच्याहून मोठी, आत बसत नाही, आणि सीआर२०३२ म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल, तो तर पूर्ण वेगळा. सीआर२ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा आणि एक जादा आणून बॅगेच्या कोरड्या कप्प्यात ठेवा.